डावं मागचं दार

सासऱ्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली त्या संध्याकाळी तपासनीसांच्या घरात सगळ्यांना आनंद झाला. तपासनीसांनाही झाला, पण त्यांचा आनंद चहा संपेपर्यंतच टिकला. कप खाली ठेवता ठेवता बायको म्हणाली, "तीन वर्षांनी बाबांना सगळं स्पष्ट दिसणार. गुरुवारी ऑपरेशन, शुक्रवारी पट्टी काढतील, मग पंधरा दिवस आपल्याकडेच."

'सगळं' हा शब्द तपासनीसांनी मनात अधोरेखित केला. सगळ्यात गाडीही आली.

तपासनीस हे नाव त्यांना इमारतीने दिलेलं होतं. औषधांच्या खोक्यात घडी घालून जी माहितीपत्रकं येतात, ती छापण्याआधी अक्षर न् अक्षर तपासायचं काम ते एका छापखान्यात सव्वीस वर्षं करत होते. एका गोळीच्या जागी अकरा गोळ्या छापल्या जाऊ नयेत, इतकीच त्यांची या जगाकडून अपेक्षा होती, आणि ती त्यांनी आजवर पुरी करून घेतली होती. सासरे मात्र त्यांच्याहून वरच्या दर्जाचे तपासनीस. लायसन्स देणाऱ्या कचेरीत ते परीक्षक होते. तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून, मांडीवर पॅड ठेवून, त्यांनी शांतपणे माणसं नापास केली. लग्नाआधी तपासनीसांनाही केलं होतं, दोनदा, गाडी मागे घेताना खांब न बघितल्याबद्दल. तिसऱ्या खेपेला पास केलं आणि चार महिन्यांनी मुलगी दिली. या दोन्हींतली कठीण परीक्षा कुठली, हे तपासनीसांना अजून ठरवता आलेलं नव्हतं.

तर ही चंदेरी गाडी त्या सासऱ्यांची. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ते स्वतः चालवत आले, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "गुडघा क्लच दाबू देत नाही. आता तुम्ही वापरा, जावईबापू. नऊ वर्षांत एक ओरखडा नाही हिच्यावर, एवढं लक्षात ठेवा." मग ते चालत बसथांब्यावर गेले. तपासनीसांनी ते लक्षात ठेवलं होतं. गाडीने ठेवलं नव्हतं. तिच्या टपावर झाडाचा चीक वाळून खडे झाले होते, बॉनेटवर पक्ष्यांनी आपली मतं नोंदवली होती, आणि एकूण रंगावर जुन्या स्टीलच्या डब्यासारखी कळा आली होती. चंदेरी रंगाचा मोठेपणा असा, की तो मळ पोटात घालतो. आणि सासऱ्यांच्या मोतीबिंदूने उरलेलं पोटात घातलं होतं. ते आले की बॉनेटवरून हात फिरवत आणि म्हणत, "छान ठेवलीय." तपासनीस तेव्हा दुसरीकडे बघत.

आता शुक्रवारी ही सोय संपणार होती.

शनिवारी ते गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवर दोन डबे ठेवले. एक सीलंट, रंगावर संरक्षक थर देणारं, आणि एक मेण. "काय लावायचं ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. तपासनीसांनी तिथेच उभं राहून दोन्ही डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. पाठीमागे रांग लागली. सीलंटच्या डब्यावर 'पृष्ठभाग'मधला पोटफोड्या ष चुकीचा होता, म्हणून त्या डब्यावरचा त्यांचा विश्वास जरा डळमळला. शेवटी दुकानदारानेच दोन्ही डबे पिशवीत घातले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

पिशवी घेऊन माणूस इमारतीत शिरला की ती पिशवी खाजगी राहत नाही. जिन्यात प्राध्यापक भेटले. वरच्या मजल्यावर राहणारे, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी मेणाचा डबा दोन बोटांत धरून बाजूला केला.

"चंदेरी रंगात धातूची बारीक पूड असते," ते म्हणाले. "तिचं तेज काचेतून बघितल्यासारखं दिसायला हवं. ते काम सीलंटचं. मेणाने रंग उबदार होतो. काळ्या गाडीला ठीक. चंदेरीला उबदार करणं म्हणजे पिवळट करणं."

तळमजल्यावर विमावाले दारातच उभे होते. ते आयुष्यभर विमा विकत आले होते. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं.

"सीलंट लावलं की नाही, कुणाला कळतं?" ते म्हणाले. "दिसत नाही, वास नाही, हाताला लागत नाही. विश्वास ठेवायचा आणि वर्षभर वाट बघायची. मेणाचं तसं नाही. लावलं की लावल्यासारखं वाटतं."

"तुम्ही विमाही असाच विकता," प्राध्यापक जिन्यातून म्हणाले.

"म्हणूनच सांगतोय," विमावाले म्हणाले.

त्यानंतर या दोघांत जो वाद झाला तो पाऊण तास चालला, आणि तपासनीस पिशवी घेऊन मधल्या पायरीवर उभे राहिले. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

रात्री त्यांनी दोन्ही डब्यांतली पत्रकं ऑफिसातल्यासारखी, पट्टी लावून ओळीओळीने वाचली. निष्कर्ष असा निघाला: आधी धुवायचं, मग मऊ वडीने चीक आणि खडे ओढून काढायचे, मग पॉलिश, मग सीलंटचा पातळ हात. बारा तास कुणी बोट लावायचं नाही. त्यानंतर हवं तर मेण. उलट क्रमाने केलं तर मेणावर सीलंट धरत नाही. हे सगळं सावलीत. सावलीत हा शब्द दोनदा छापलेला होता आणि ती छपाईची चूक नव्हती.

इमारतीच्या आवारात सावली गाडी लावायच्या एकाच गाळ्यावर पडे आणि तो गाळा विमावाल्यांचा होता. ते म्हणाले, "एक आठवडा घ्या. पण शेवटचा हात मेणाचा पाहिजे." अट लेखी नव्हती, पण त्यांनी हात पुढे केला आणि तपासनीसांनी तो हातात घेतला.

मग सचिव. इमारतीच्या सचिवांकडे तीन प्रकारचे अर्ज होते: गळती, दुरुस्ती आणि तक्रार. गाडी धुणं यांतल्या कशातच बसत नव्हतं. "पाणी वापरणार म्हणजे गळतीत घेता येईल," सचिव विचार करून म्हणाले, "पण मग प्लंबरची सही लागेल." तपासनीसांनी दुरुस्तीचा अर्ज मागितला. सचिवांनी रसायनं ज्वालाग्राही आहेत का, असं विचारलं. तपासनीसांनी दोन्ही पत्रकांच्या प्रती जोडल्या. सचिवांनी त्या उलटसुलट बघितल्या आणि म्हणाले, "यात शुद्धलेखनाची चूक आहे."

त्या क्षणी तपासनीसांना सचिवांबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. परवानगी दोन बादल्यांची मिळाली.

रविवारी सकाळी बायको मुलीला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेली आणि तपासनीस बाह्या दुमडून गाळ्यात उतरले. दोन बादल्यांत गाडी धुणं ही कला आहे. तपासनीसांनी तीत स्वतःची विजार अधिक आणि गाडी कमी भिजवली. मऊ वडी एकदा जमिनीवर पडली. तिला चिकटलेली रेती रंगावर फिरेल म्हणून ती टाकून द्यावी, असं पत्रक सांगत होतं. त्यांनी ती टाकली, पुन्हा दुकानात गेले, नवी आणली. पण दुपारपर्यंत टप, बॉनेट आणि उजवी बाजू पॉलिश होऊन गेली होती आणि खरंच, त्या चंदेरी रंगातून असं काही स्वच्छ तेज वर आलं होतं, की प्राध्यापक खुर्ची घेऊन खाली आले. विमावालेही आले. दोघं न बोलता शेजारी बसले. तपासनीसांच्या पाठीत उसण भरली होती, तरी ते वाकून न बसता ताठ उभं राहून घासू लागले, कारण लोक बघत होते.

डाव्या मागच्या दारावर त्यांनी फडकं फिरवलं, आणि फडकं चंदेरी झालं.

"थांबा," प्राध्यापक म्हणाले. ते खुर्चीतून उठले. "कंपनीच्या रंगावर पारदर्शक थर असतो. फडक्याला रंग येता कामा नये. हा रंग कंपनीचा नाही."

तपासनीसांनी दुसरा कोपरा घेऊन पुन्हा पुसलं. फडकं आणखी चंदेरी झालं. खिडकीच्या गजांना लावतात तसला तो रंग होता, ब्रशाने दिलेला. रेषा आता उघड्या पडल्या होत्या. त्यांनी नखाने हलकेच खरवडलं तेव्हा तळहाताएवढा पुट्टीचा पापुद्रा सुटून खाली पडला. आत पोचा होता. चांगला खोल, लांबट. आणि पोच्याच्या तळाशी पिवळ्या रंगाची एक रेघ, तिच्याखाली काळी, तिच्याखाली पुन्हा पिवळी.

"खांब," विमावाले म्हणाले. या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता. "मागे घेताना लागलेला. ज्याने लपवला त्याने दाव्याचा अर्ज केलेला नाही."

तपासनीस पापुद्रा हातात घेऊन उभे राहिले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे खांब त्यांना ठाऊक होते. सासऱ्यांच्या इमारतीच्या फाटकाला होते. दर पंधरवड्याला ते त्या दोन खांबांमधून अगदी जपून जात, कारण वरच्या खिडकीत सासरे उभे असत.

तीन वर्षांपूर्वीची ती सकाळ त्यांना आठवली. सासऱ्यांनी किल्ली दिली, तो वार मंगळवार. गुडघ्याची तक्रार त्यांनी त्याआधी कधी केली नव्हती आणि नंतरही केली नाही. किल्ली टेबलावर ठेवली, ती हातात दिली नव्हती. टेबल किती लांब आहे हे आधी बोटांनी चाचपून बघितलं होतं. तपासनीसांनी ते बघितलं होतं, पण तपासलं नव्हतं.

पुट्टी कशी भरली असेल, ते डोळ्यांपुढे आलं. एकटा म्हातारा माणूस, फाटकाशी, अंधुक नजरेने ब्रश मारतोय, आणि रंग जुळला की नाही ते त्याला नीट दिसतही नाहीये.

"कुणी ठोकली असेल हो?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मी," तपासनीस म्हणाले.

ते इतक्या सहज बोलून गेले, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. नेमकं त्याच वेळी बायको आणि मुलगी फाटकातून आत येत होत्या.

"तुम्ही?" बायको म्हणाली. "कधी?"

"झाली दोन-अडीच वर्षं."

"आणि रंग लावून लपवलंत? माझ्यापासून?"

"तुझ्यापासून असं नाही."

"मग कुणापासून? बाबांना दिसत नव्हतं म्हणून?"

बायको मुलीला घेऊन वर गेली. त्या दिवशी तिने जेवण वाढलं, पण 'घ्या ना आणखी' म्हटलं नाही. संसारात याचा अर्थ काय होतो ते कुठल्याही पत्रकात छापलेलं नसतं.

संध्याकाळी सचिव आले. त्यांच्या कानावर खांब हा शब्द गेला होता. इमारतीच्या फाटकालाही दोन खांब होते आणि एकाचा कोपरा कधीचा उडालेला होता. सचिवांना उद्या कुणी विचारलं तर कागद हवा होता. "कुठला खांब, कोणाच्या चुकीने, एवढंच लिहून द्या," ते म्हणाले. तपासनीसांनी लिहून दिलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी खोटा मजकूर लिहिला, आणि सवयीने दोनदा तपासला. त्यात एकही चूक नव्हती.

सोमवारी त्यांनी रजा घेतली, कारण 'डोळे' असं लिहिलं. दारात नवी पुट्टी भरली, घासली, कंपनीच्या रंगक्रमांकाप्रमाणे मिळणारा चंदेरी रंग आणून फवारला. चंदेरी रंग उन्हात एक दिसतो, सावलीत दुसरा आणि वाकून बघितलं तर तिसरा. तिन्ही ठिकाणी तो शेजारच्या रंगाहून वेगळा दिसला. प्राध्यापकांनी वर आणखी सांगितलं, की ताज्या रंगावर महिनाभर सीलंट लावायचं नाही, रंग श्वास घेत असतो. म्हणजे मंगळवारी सगळ्या गाडीवर सीलंट चढलं, ते दार सोडून. बारा तास कुणी बोट लावू नये म्हणून तपासनीस खुर्ची टाकून पहारा देत बसले. एक कबूतर टपावर उतरलं, आडवं चालत गेलं आणि त्यांच्याकडे बघत थांबलं. बुधवारी कबूल केल्याप्रमाणे मेणाचा हात झाला. विमावाल्यांनी जवळून बघून मान डोलावली. प्राध्यापकांनी खिडकी लावून घेतली.

आणि गाडी झळकली. अशी झळकली, की त्या झळाळीत डावं मागचं दार नव्या कपड्याला जुनं ठिगळ लावावं तसं उठून दिसू लागलं. आठ दिवसांपूर्वीच्या मळक्या गाडीत ते कुणाला सापडलं नसतं. तपासनीसांनी चार दिवस राबून ते जगाला दाखवायची पुरेपूर व्यवस्था केली होती.

गुरुवारी ऑपरेशन झालं. शुक्रवारी पट्टी काढली. दवाखान्याच्या दारात तपासनीसांनी डावी बाजू भिंतीला घासेल इतकी जवळ गाडी लावली आणि सासऱ्यांना उजवीकडून मागे बसवलं. काळ्या चष्म्याआडून सासरे रस्ताभर पाट्या वाचत होते. "किराणा. घाऊक आणि किरकोळ," ते म्हणत. "इथे पोस्ट आहे? केव्हापासून?" मागच्या सीटवर शेजारी बसलेल्या मुलीकडे आणि नातीकडे त्यांनी खूप वेळ बघितलं. गाडीबद्दल उतरताना एवढंच म्हणाले, "बॉनेट छान ठेवलंय. पण भिंतीला इतकी चिकटवू नये." बापाला पहिल्याच दिवशी दार दाखवण्याइतकी बायको रागावलेली नव्हती.

शनिवारी सकाळी तपासनीस दाढी करता करता बाहेर आले तर सासरे घरात नव्हते.

"खाली गेलेत," बायको म्हणाली. "फलक वाचायला. म्हणाले, तीन वर्षांचं राहिलंय."

तपासनीस अर्ध्या गळ्याला साबण तसाच ठेवून जिना उतरले. जिन्याखाली सूचनाफलक होता. सासरे त्याच्यापुढे उभे होते, काळा चष्मा कपाळावर ढकललेला, आणि एकेक सूचना शाळकरी मुलासारखी मोठ्याने वाचत होते. पाण्याची टाकी मंगळवारी धुतली जाईल. जिन्यात सायकली ठेवू नयेत. तिसऱ्या कागदाला त्यांचा आवाज तसाच सुरू झाला.

"सर्व सभासदांस कळवण्यात येते की, खालील वाहनाच्या डाव्या मागील दारास झालेली इजा इमारतीच्या खांबामुळे झालेली नसून, वाहनमालकाच्या निष्काळजीपणामुळे अन्यत्र झालेली आहे, असे त्यांनी लेखी मान्य केले आहे." खाली गाडीचा नंबर होता. तोही त्यांनी वाचला. तो त्यांना पाठ होता.

सचिव हा कागद लावतील, असं तपासनीसांना वाटलं नव्हतं.

"अन्यत्र म्हणजे कुठे?" सासऱ्यांनी विचारलं. आवाज परीक्षकाचा होता.

"अन्यत्रच, बाबा."

"खांब कसला होता?"

"साधाच."

"रंग?"

साबण तपासनीसांच्या गळ्यावर वाळत होता.

"मागे घेताना?"

"हो."

"वेग?"

"फार नसावा."

"नसावा असं उत्तर नसतं," सासरे म्हणाले. "होता किंवा नव्हता."

"नव्हता."

सासरे पुन्हा कागदाकडे वळले. "मला वाटलं, तुम्हाला केव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "दर वेळी तुम्ही बॉनेटपाशी मान फिरवायचा. मला वाटायचं, माणूस भला आहे, बोलत नाही."

तपासनीसांना त्या मान फिरवण्याचं खरं कारण सांगावंसं वाटलं. त्यांनी नाही सांगितलं.

"सोमवारची गोष्ट," सासरे म्हणाले. "खांब मला दिसलाच नाही. तीस वर्षं मी लोकांना खांब दाखवले. उतरून बघितलं आणि पहिला विचार आला तो मंगळवारचा. मंगळवारी नातीला शाळेतून आणायची पाळी माझी असायची. शाळेच्या दारात पोरं कशी सुटतात, तुम्हाला ठाऊक आहे." ते थांबले. "रात्रभर रंग वाळू दिला आणि सकाळी किल्ली आणून दिली. गुडघा चांगला आहे माझा."

"मला कळलं होतं," तपासनीस म्हणाले. "मागच्या रविवारी."

"आणि लिहून दिलंत."

"सचिवांना कागद हवा होता."

सासऱ्यांनी खिशातून पेन काढलं. ते त्यांच्या खिशात नोकरीत असताना जिथे असे, तिथेच होतं. त्यांनी 'वाहनमालकाच्या' या शब्दापुढे खूण केली, वर उभ्या, टोकदार अक्षरात काही लिहिलं, समासात सही केली आणि तारीख घातली. लायसन्सवर असायची तीच सही. मग ते एक पाऊल मागे सरले आणि स्वतःचं अक्षर बघत राहिले. इतकं बारीक त्यांनी फार दिवसांत लिहिलं नव्हतं.

तपासनीस पुढे झाले. वाचल्याशिवाय त्यांना राहवेना. 'वाहनमालकाच्या सासऱ्याच्या निष्काळजीपणामुळे,' असं आता तिथे होतं. लोकांच्या अर्जांत तीस वर्षं चुका काढणाऱ्या माणसाने स्वतःला एकेरीत लिहिलं होतं.

त्यांनी हात पुढे केला. सासऱ्यांनी न विचारता पेन दिलं. तपासनीसांनी 'ऱ्या'च्या डोक्यावर अनुस्वार दिला, नीट, गोल, आणि पेन परत केलं.

"काय राहिलं होतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. एक टिंब."

सासरे फलकाजवळ वाकले. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून तपासनीसांनी त्यांचा दंड धरला.

"दिसलं मला," सासरे म्हणाले, आणि चष्मा खाली घेतला.